सुजातेची खीर आणि दुग्धत्यागाची शंका

वैशाखी पौर्णिमा जवळ आली म्हणजे आपल्या विहारांतून खीरदानाची तयारी सुरू होते. दूध किती लिटर, तांदूळ कोणाकडून, पातेली कोठून, यांच्या याद्या होतात. अशाच एका तयारीच्या दिवसांत आमच्या पालि वर्गातील एका तरुण उपासिकेने आम्हांस एक प्रश्न केला. तिने काही महिन्यांपूर्वी मांस, मासळी व अंडी यांबरोबर दूध, दही आणि तूपही सोडले होते. अशा आहारास आज 'वीगन' म्हणतात. हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये तयार झाला. तिचा प्रश्न असा होता : "सर, सुजातेने बोधिसत्त्वाला दुधाची खीर दिली. ती खीर मी नाकारली, तर मी धम्माच्या पुढे जाते की मागे?" शेजारी बसलेल्या तिच्या आजींनी त्यात भर घातली : "मेलेलं ढोर सोडायला बाबासाहेबांनी सांगितलं. दूध सोडायला कुणी सांगितलं?"

दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर मात्र पुस्तकी होते. विनयात गोरसाला अनुज्ञा आहे, तेव्हा शंकेचे कारण नाही, एवढेच सांगून आम्ही पुढील पाठाकडे वळलो. मांसाहाराच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यास स्वतंत्र प्रकरणच दिले. दुधाचा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई होय.

खिरीचा उगम

प्रथम खिरीच्या कथेचाच विचार करू. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात तथागत स्वतःच्या उग्र तपश्चर्येची हकीकत सांगतात. देह इतका कृश झाला असता ध्यानसुख मिळणे शक्य नाही, असे जाणून त्यांनी पुन्हा अन्न घेतले. तेथे त्या अन्नासाठी 'ओदनकुम्मास' असा शब्द आहे. ओदन म्हणजे भात व कुम्मास म्हणजे धान्याची साधी पेज अथवा घुगरी. या स्थळी सुजातेचे नाव नाही आणि दुधाचाही उल्लेख नाही. अंगुत्तरनिकायात सेनानीची कन्या सुजाता ही सर्वप्रथम शरण गेलेल्या उपासिकांमध्ये अग्र म्हणून गौरविली आहे. परंतु तेथे खीर नाही.

सुजाता आणि खीर यांची जोड पालि परंपरेत विस्ताराने येते ती जातकट्ठकथेच्या आरंभी असलेल्या निदानकथेत, म्हणजे बुद्धकाळानंतर कित्येक शतकांनी. हजार गाईंचे दूध पाचशेंना, पाचशेंचे अडीचशेंना, अशा क्रमाने शेवटी आठ गाईंपर्यंत दूध दाट करीत आणण्याची ती प्रसिद्ध कथा. त्या कथेत एक बारकावा आहे, तिकडे फारसे लक्ष जात नाही. पौर्णिमेच्या पहाटे सुजाता दूध काढावयास गेली तेव्हा वासरे आचळांजवळ गेलीच नाहीत, आणि नवे भांडे खाली धरताच दुधाच्या धारा आपोआप वाहू लागल्या, असे निदानकथाकार सांगतो. त्याचा हेतू चमत्कार वर्णिण्याचा असेल. तथापि बोधिसत्त्वाच्या मुखी जाणारे दूध कोणा वासराला बाजूला ओढून काढलेले नव्हते, हे त्या चमत्काराने आपोआप साधले आहे. आमच्या मते ही केवळ शोभा नव्हे. दूध मूलतः कोणाचे, याची जाण त्या कथेच्या पोटात आहे.

तात्पर्य, प्राचीनतम वृत्तान्तात महत्त्व आहे ते उपासमार संपविणाऱ्या अन्नाला. खिरीतील दूध हा त्या दानाचा प्राण नव्हे.

गोरस आणि विनय

तरीही विनयातील अनुज्ञा नाकारता येत नाही. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात मेंडक गृहपतीच्या प्रसंगी दूध, दही, ताक, लोणी व तूप या पंचगोरसास अनुमती दिलेली आहे. दूध हे अकुशल अन्न होय, असे तिपिटकात कोठेही म्हटलेले नाही, आणि तसे म्हणावे हे आमचेही मत नाही.

परंतु याच विनयाची दोन अन्य स्थळे पाहण्यासारखी आहेत. पाचित्तिय विभागातील एकोणचाळीसाव्या नियमात आजारी नसलेल्या भिक्षूने स्वतःसाठी मागून घेऊ नयेत अशी नऊ 'पणीत' म्हणजे उंची अन्ने दिली आहेत : तूप, लोणी, तेल, मध, काकवी, मासळी, मांस, दूध आणि दही. दूध व दही येथे मासळी आणि मांस यांच्या पंक्तीस बसविलेले आहेत. मिळाले तर घ्यावे, हक्काने मागू नये, अशी ही अन्ने आहेत. दुसरे स्थळ मज्झिमनिकायातील महागोपालकसुत्ताचे. वाईट गुराख्याचे अकरा दोष सांगताना तथागत त्यात 'अनवसेसदोही' हा दोष गणतात. म्हणजे काहीही शिल्लक न ठेवता दूध पिळून काढणारा. सुत्ताचा मुख्य विषय भिक्षूचे गुणदोष हा आहे, हे खरे. पण ही उपमा ज्या गोपालकांच्या जगातून घेतली, तेथे वासराचा वाटा राखणे ही उघड सचोटी होती, हे तिच्यावरून कळते.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात हीच जाणीव राजशासनाच्या रूपाने येते. अभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी दिलेल्या या आज्ञेत गाभण अथवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांखालील त्यांची पिले अवध्य ठरविली आहेत. माता आणि तिचे पिलू यांचा संबंध येथे कायद्याच्या भाषेत नोंदविला गेला.

त्रिकोटिपरिशुद्धी कोणासाठी

आता मूळ शंकेकडे वळू. जीवकसुत्तात मांसाविषयी जो निकष आहे त्यास त्रिकोटिपरिशुद्धी म्हणतात. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला अथवा तसा संशय आला, तर ते मांस घेऊ नये. या निकषाचा आधार घेऊन पुष्कळ उपासक म्हणतात : बाजारातले मांस माझ्यासाठी मारलेले नाही, मग दुधाचा प्रश्नच कोठे येतो?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हा निकष भिक्षूंसाठी सांगितलेला आहे. भिक्षू घरोघरी पात्र घेऊन उभा राहतो. पात्रात काय पडावे हे तो ठरवीत नाही. उपासक पिशवी घेऊन बाजारात जातो आणि काय घ्यावे हे स्वतः ठरवितो. त्याच्या मागणीवर व्यापार चालतो. म्हणूनच अंगुत्तरनिकायात उपासकांना वर्ज्य अशा पाच व्यापारांत शस्त्र, मद्य व विष यांबरोबर प्राण्यांचा व मांसाचा व्यापारही येतो. लंकावतारसूत्राच्या मांसविषयक प्रकरणात हाच मुद्दा पुढे नेला आहे : पैशासाठी जीव मारले जातात, तेव्हा विकत घेणाराही त्या कर्मात सहभागी होतो.

जीवकसुत्तात आणखी एक गोष्ट आहे. तथागतांसाठी प्राणी मारणारा मनुष्य पाच प्रकारे अपुण्य जोडतो, असे तेथे म्हटले आहे. आणि त्यांपैकी एक प्रकार वधापूर्वीचा आहे. प्राण्याला गळ्यात दोरी घालून ओढत आणताना त्याला जे दुःख होते, तेही वेगळे मोजले आहे. म्हणजे प्रश्न केवळ मरणाचा नाही, दुःखाचाही आहे. दुधाच्या प्रश्नास येथे वाट मिळते. गाय अथवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याचे शेतीतील काम कमी झाले, आणि म्हशीच्या नर पारडाचा उपयोग तर पूर्वीपासूनच थोडा. विक्रीसाठी दूध काढणाऱ्या गोठ्यात त्याच्या वाट्याला काय येते, हे खेड्यात वाढलेल्या आपल्या वाचकांस सांगावयास नको. 1970 साली सुरू झालेल्या दुग्धविकास योजनेनंतर हा व्यवसाय घरच्या गोठ्यापुरता राहिला नाही, आणि आज भारत जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. अशा काळात पाहिले, ऐकले, संशय आला हे तीन प्रश्न दुधाच्या पिशवीस विचारणे अस्थानी नाही.

विनयातच याचा पूर्वादर्श आहे, तो रेशमाचा. आळवी येथे षड्वर्गीय भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि आम्हांस अंथरुणासाठी रेशीम हवे, तेव्हा पुष्कळ किडे उकळा, असे म्हणाले. ते कारागीर उद्विग्न झाले. आम्ही बायकामुलांच्या पोटासाठी हे बारीक जीव मारतो, हेच आमचे दुर्दैव; या श्रमणांना याची काय गरज, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. त्यावरून रेशीममिश्रित अंथरुणास निस्सग्गिय ठरविले गेले. रेशमी चीवरास मात्र अन्यत्र अनुमती राहिली. हा इतिहास विसंगत वाटेल. पण प्रत्यक्ष प्रसंगातून, कष्टकऱ्याच्या तोंडून निघालेल्या शंकेमुळे संघाने एक पाऊल टाकले, हे त्यात स्पष्ट दिसते.

देवदत्त आणि सम्राट वू

आता तिसरी शंका. मासळी व मांस यांचा संपूर्ण त्याग ही तर देवदत्ताची मागणी. मग दूधही सोडणारा देवदत्ताच्याच वाटेने जात नाही काय?

देवदत्ताच्या पाच मागण्यांत ही एक होती, हे खरे. परंतु त्याने मागितले ते आपल्यापुरते नव्हे. सर्व भिक्षूंनी यावज्जीव हे पाळावे आणि न पाळणारा दोषी ठरावा, अशी त्याची मागणी होती. त्यामागे संघभेदाचा हेतू होता, असे चुल्लवग्ग सांगतो. तथागतांनी सक्ती नाकारली. ज्यांची इच्छा असेल त्यांनी अरण्यात राहावे, पांसुकूल चीवर धारण करावे, ही मोकळीक ठेवली. मांसाविषयी त्रिकोटीची अट कायम राहिली. स्वेच्छेने अधिक संयम पाळणाऱ्यास कोठेही देवदत्त म्हटलेले नाही.

सक्तीचा मार्ग इतिहासात पुढे एकदा अवलंबिला गेला, तो चीनमध्ये. लिआंग वंशाचा सम्राट वू (राज्यकाल इ.स. 502-549) हा बौद्ध उपासक. इ.स. 517 मध्ये त्याने पितृयज्ञांतील पशुबळी बंद करून पिठाचे नैवेद्य सुरू केले. पुढे काही वर्षांतच त्याने भिक्षू-भिक्षुणींस मद्य व मांस वर्ज्य करणारी आज्ञा काढली आणि राजवाड्यात हजाराहून अधिक भिक्षू-भिक्षुणींची सभा भरविली. तेथे महापरिनिर्वाणसूत्राच्या महायान पाठातील मांसनिषेधाचे वाचन झाले. विनयधरांनी शंका काढली की, विनयात मांस सर्वथा निषिद्ध नाही. सम्राटाने त्यांच्याशी वाद घातला. पण वाद करणाऱ्याच्या हाती राजदंड होता. आज चिनी संघ शाकाहारी आहे, यात या आज्ञेचा मोठा वाटा आहे. तरी शंका मिटणे वेगळे आणि शंका दडपली जाणे वेगळे, हे इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

त्याच चीनमध्ये आठव्या शतकाच्या आरंभी शूरंगमसूत्र प्रचारात आले. त्याची रचना चीनमध्येच झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात रेशीम, कातडे, लोकर यांबरोबर दूध व दुधाचे पदार्थही न घेणाऱ्या भिक्षूची प्रशंसा आहे. आजच्या 'वीगन' विचाराचे इतके स्पष्ट प्राचीन बौद्ध रूप आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. याच सुमारास नालंदेत राहून 695 मध्ये परतलेला इत्सिंग मात्र रेशीम सोडणाऱ्यांवर टीका करतो. असे सूक्ष्म पाहू लागलो तर अन्नवस्त्र काहीच घेता येणार नाही. पायाखालीही जीव मरतातच, असा त्याचा युक्तिवाद. ही शंकाही आजची वाटते. तिचे उत्तर एवढेच की, सर्व हिंसा टळत नाही म्हणून टाळता येणारी हिंसा टाळू नये, असे निष्पन्न होत नाही. नांगराखाली किडा मरतो म्हणून रेशमाचा किडा उकळावाच, असे आळवीचे कारागीरही म्हणाले नव्हते.

शुद्धी की मैत्री

आजींचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्या देशात अन्नाने माणसे मोजली गेली. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान मध्यदेशाचे वर्णन करतो. लोक प्राणी मारीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद फक्त चांडाळांचा. आणि हे चांडाळ गावाबाहेर राहतात व नगरात येताना लाकूड वाजवून आपण आल्याची सूचना देतात, म्हणजे लोक त्यांचा स्पर्श टाळू शकतील. मुक्या जीवाला न मारणारा समाज माणसाला मात्र वेशीबाहेर ठेवीत होता. अहिंसक अन्न आणि अस्पृश्यता एकत्र नांदू शकतात, याचा हा साक्षीपुरावा प्रत्येक आहारसुधारकाने जवळ बाळगावा.

सुत्तनिपातातील आमगंधसुत्त याच दंभावर आघात करते. दुर्गंध मांसाचा नव्हे. हिंसा, चोरी, असत्य, कपट यांचा होय, असे तेथे कस्सप बुद्धांच्या मुखी घातले आहे. म्हणून दूध सोडणाऱ्याने शेजारच्या ताटाकडे पाहून नाक मुरडले, तर त्याच्या ताटात जे नाही ते त्याच्या मनात आहे, असे समजावे. ही चर्चा गोरक्षणाचीही नव्हे. गाईला देवता मानणे आणि वासराचे वा पारडाचे दुःख पाहणे या भिन्न गोष्टी आहेत.

आणखी एक जखम आहे. 'जातिनिर्मूलन' या 1936 सालच्या निबंधात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकीकत दिली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने जातभाईंस तुपाचे जेवण घातले, आणि तूप खाण्याची यांची योग्यता काय, म्हणून सवर्णांनी लाठ्या घेऊन त्या पंगतीवर हल्ला केला. ज्यांच्या आज्या-पणज्यांना तुपाच्या पंगतीवरून मार खावा लागला, त्यांच्या नातीने तूप सोडले तर आजींचे मन दुखावणारच. ते दुखणे अज्ञान नव्हे, इतिहास आहे.

परंतु याच इतिहासात उत्तरही आहे. मार्च 1927 च्या महाड परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचा निर्धार झाला. तो वरच्यांचे अनुकरण म्हणून झाला नाही, स्वाभिमानाने झाला. कोणी काय खावे हे दुसऱ्याने ठरविण्याचा काळ संपला, असा त्याचा अर्थ होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे प्रतिपादन केले. नियम बांधतो, तत्त्व विचारास मोकळीक देते. आजींनी ढोर सोडले ते स्वतःच्या विचाराने. नात दूध सोडते आहे तेही स्वतःच्या विचाराने. तूप खाण्याचा हक्क मिळालेल्यालाच ते सोडण्याचा हक्क असतो. आणि तो हक्क मिळवून दिला आजींच्या पिढीने.

देहाची काळजी

शेवटची शंका प्रकृतीची, आणि ती हलकी लेखू नये. सुजातेच्या दानाचा बोधच असा की देह झिजवून बोधी मिळत नाही. विनयातही आजाऱ्यास पदोपदी सवलत आहे. वनस्पतिजन्य आहारात ब-12 हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. त्याच्या अभावी रक्त व मज्जातंतू यांवर परिणाम होतो. म्हणून ते गोळीच्या रूपाने अथवा ते मुद्दाम मिसळलेल्या अन्नातून घेतलेच पाहिजे. नाचणी, तीळ, हरभरा, तूर, शेंगदाणे, सोयाबीन, पालेभाज्या ही आपल्या घरची अन्ने बाकीची बरीच गरज भागवितात. लहान मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रयोग करू नये. आणि ज्या घरात मुलाला पुरेसे अन्नच मिळत नाही, त्या घरी जाऊन अंडे वा दूध सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे मैत्रीचा विपर्यास होय.

निझत्ति

गिरनार येथील पहिल्या शिलालेखात अशोक सांगतो की, पूर्वी त्याच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख लिहितेवेळी तीनच, दोन मोर व एक हरिण, आणि हरिणही नेहमी नाही. पुढे तेही मारले जाणार नाहीत. एवढा मोठा सम्राट, आणि आपला संकल्प अजून पुरा झालेला नाही हे तो दगडावर कोरून कबूल करतो. ज्याला एका दिवसात सर्व सोडता येत नाही, त्याने या दोन मोरांची आठवण ठेवावी.

पुढे अभिषेकानंतर सत्तावीस वर्षांनी, सातव्या स्तंभलेखात, तो आपल्या सर्व प्रयत्नांचा हिशेब घेतो. धम्माची वाढ दोन प्रकारांनी झाली, नियमांनी आणि 'निझत्ति'ने. निझत्ति म्हणजे मनाशी केलेले चिंतन, विचाराने झालेली खात्री. यांपैकी नियम हलके, निझत्तिच अधिक मोलाची, असा त्याचा निष्कर्ष आहे. आणि नियमांचे उदाहरण म्हणून तो प्राण्यांच्या अवध्यतेची स्वतःचीच आज्ञा देतो. सम्राट वूने जे पाहिले नाही ते अशोकाने सुमारे साडेसातशे वर्षे आधी पाहिले होते.

आमच्यापुरते सांगावयाचे तर मांस आम्ही पूर्वीच सोडले होते. दुधाच्या चहाशी मात्र आमची निष्ठा अभंग होती, आणि विनयातील पंचगोरसाचा आधार आम्ही त्या चहासाठीच घेत होतो, हे त्या उपासिकेच्या प्रश्नानंतर आमच्या ध्यानी आले. आज आम्ही घरी दूध आणीत नाही. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो असता समोर आलेला चहा नाकारावा की नाही, याचा निर्णय अजून प्रसंग पाहून करतो. आमचा मुदपाकखानाही दोन मोरांपाशीच अडला आहे.

यंदाच्या वैशाखीस आमच्या विहारात दोन पातेली होती : एक नेहमीच्या दुधाचे, दुसरे नारळाच्या दुधाचे. दोन्हींवर तशा चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि रांग एकच होती. आजींनी प्रथम दुधाची खीर घेतली. मग नातीच्या हातची दुसरीही चाखली आणि गूळ थोडा कमी पडल्याचे सांगितले. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता असे देऊ : दुधाची खीर न घेतल्याने तू धम्माच्या पुढे गेली नाहीस आणि मागेही राहिली नाहीस. जीवकाच्या आम्रवनात जो प्रश्न शिकविला गेला, तोच तू तुझ्या काळातील अन्नास विचारलास. पुढच्या वर्षी गूळ किती घालावा, हे मात्र आजींना विचार.